श्रवणाचे ऋण

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी एक वाक्य नेहमीचे असते : "आता विठोबाने उचलावे." ओसरीवर वाती वळता वळता आजी ते म्हणते, आणि लगेच सुनेला विचारते, "दुधाला विरजण लावलंस का गं?" त्या वाक्यात भरल्या घरातून निघण्याची तयारी असते, इतकेच. पंढरीतच देह पडावा अशी इच्छा बोलून दाखवणारे वारकरीही आपण सर्वांनी पाहिले आहेत. असे कोणी म्हणाले, की आपण हसतो, आणि "अजून दहा वाऱ्या करायच्यात, माउली" असे म्हणून पुढे चालू लागतो.

अडचण अशी आहे, की ह्याच शब्दांत दुसराही एक माणूस बोलत असतो. दोन वर्षे लागोपाठ पीक गेलेला पस्तिशीतला शेतकरी. परीक्षेत नापास झालेला मुलगा. माहेरी परत जाता येत नाही आणि सासरी राहवत नाही अशी सासुरवाशीण. बायको गेल्यापासून भजनाला यायचे सोडलेला टाळकरी. तोही म्हणतो, "आता पुरे झालं." "माझ्यावाचून कोणाचं काय अडतंय?" "विठोबाने न्यावं एकदाचं." शब्द ओळखीचे असतात, म्हणून आपण त्यालाही तेच हसरे उत्तर देतो आणि चालू लागतो. तो माणूस असे का बोलतो, ह्याची मीमांसा आम्ही येथे फारशी करणार नाही. आम्हांला विचारायचे आहे ते हे, की असे बोलणे ज्याच्या कानांवर पडले त्याच्याकडे काय येते? काही येते का?

येते, असे आमचे म्हणणे आहे. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, हे वारकऱ्याला नव्याने सांगायला नको. कीर्तनाला आपण तीन तीन तास मांडी न बदलता बसतो. पण त्या श्रवणात एक सोय असते, तीही मान्य करावी. व्यासपीठावरचे महाराज आपल्याकडे काही मागत नाहीत. शेवटी आरती होते, काला होतो, आणि आपण उठून घरी जातो. बांधावर बसलेला शेजारी जेव्हा खालच्या मानेने म्हणतो, "जीव नकोसा झालाय", तेव्हा त्या श्रवणाला आरती नाही. ते ऐकून उठता येत नाही. उठलो, तर आपण ऐकलेच नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि तो अर्थ त्याला बरोबर कळतो.

हा प्रश्न कोपऱ्यातला आहे असे कोणी समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांतली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली; दुसऱ्या कोणत्याही राज्यात हा आकडा इतका नव्हता. शेतकरी आणि शेतमजूर मिळून देशभरात ११,२९०. म्हणजे हा विषय कर्जबाजारी शेतकऱ्यापुरता आहे ही आपली समजूतही अपुरी आहे; नोंदलेल्या कारणांत घरातले प्रश्न सर्वांत वर आहेत, आणि त्यांच्या खालोखाल आजारपण. आकडे आम्ही एवढेच देतो. मोठे आकडे वाचून माणूस सुन्न होतो, आणि सुन्न झालेला माणूस काही करत नाही.

असे बोलणे ऐकल्यावर आपण बहुतेक जण पहिल्यांदा काय करतो? उपदेश करतो. "अभद्र बोलू नये." "नरदेह पुन्हा मिळायचा नाही." "आत्महत्या महापाप आहे." "तुझ्याहून वाईट दिवस लोकांनी काढले." "पोरांचा तरी विचार कर." ह्यांतली कित्येक वाक्ये खरी आहेत. नरदेहाचे मोल आम्हीही मानतो, आणि आत्मघात शास्त्राला संमत नाही हेही मानतो. पण जो मनुष्य तुमच्यासमोर बसला आहे तो ते सगळे शंभर वेळा स्वतःशी बोलून झालेला आहे. पोरांचा विचार त्याने केलेला आहे. आपण गेलो तर पोरे सुखी होतील असा उलटा हिशेब त्याच्या मनाने मांडलेला आहे. आपण पापी आहोत असे त्याला आधीच वाटते. त्यावर आणखी एक पाप तुम्ही ठेवता, आणि तो गप्प होतो. गप्प झाला म्हणजे पटले, असे आपण समजतो.

मग आपण उपदेश का करतो? आमच्या मते भीतीने. समोरच्याच्या तोंडून मरणाचा शब्द निघाला, की आपले काळीज लटपटते. तो शब्द लवकरात लवकर झाकून टाकावा असे वाटते, आणि हाताशी सर्वांत जवळ जे पांघरूण असते ते शास्त्राचे. वारकऱ्याच्या तर ते खांद्यावरच असते.

शब्द निवाडा म्हणून दिला तर तो काय करू शकतो, हे आपल्या संप्रदायाने आपल्याच दाराशी पाहिले आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई प्रायश्चित्त मागायला गेले, तेव्हा त्यांना देहान्ताशिवाय दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगण्यात आले, आणि त्या दोघांनी प्रयागी देह ठेवला, अशी परंपरागत कथा आहे. मागे चार लहान मुले राहिली. कीर्तनात ही कथा रंगली, की सारा मंडप रडतो. आम्हांला मात्र नेहमी वाटते, की तो निवाडा देणाऱ्यांकडेही एकदा नीट पाहावे. ते कोणी दुष्ट नव्हते. ते पोथीला धरून बोलणारे, आपले काम चोख केल्याचे समाधान असलेले लोक असतील. समोर बसलेल्या नवराबायकोला त्यांनी एकदा तरी विचारले असेल का, की बाबांनो, घरी मुले कोणाजवळ ठेवून आलात?

त्याच मुलांची पुढची एक गोष्ट आहे. लोकांनी अपमान केला, आणि ज्ञानोबा झोपडीची ताटी लावून आत बसले. मुक्ताबाई बाहेर बसून त्यांना ताटी उघडायला विनवू लागल्या. ताटीचे अभंग म्हणून आपण जे म्हणतो त्यांची हीच पार्श्वभूमी सांगतात. ह्या प्रसंगाला आमच्या ह्या विषयाशी जोडू नये असे कोणी म्हणेल, आणि ज्ञानोबा निराश झाले होते असे सुचवण्याचा आमचाही हेतू नाही. आम्ही पाहतो ते दाराबाहेर बसलेल्या मुक्ताबाईंकडे. त्यांच्या बोलण्यात उपदेश नाही असेही नाही. चांगला भरपूर आहे. परंतु तो उपदेश कोण करते आहे, कोठे बसून करते आहे? ज्या लोकांनी भावाला दुखावले त्यांनीच तिलाही दुखावलेले आहे. ती वयाने धाकटी आहे. ती दार ढकलत नाही, आणि दारावरून उठतही नाही. ताटी उघडेपर्यंत ती तेथेच आहे. उपदेशाचा हक्क मिळाला असेल तर तो त्या बसण्याने मिळाला आहे. आपण मात्र वाटेने जाता जाता उपदेश फेकतो.

आता थोडे दूरचे उदाहरण. लंडन शहरात चॅड व्हारा नावाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. तरुणपणी, १९३५ साली, त्यांच्यावर एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करण्याची वेळ आली. मुलगी पहिल्यांदा न्हाती झाली होती. आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग जडला असे समजून तिने जीव दिला. विचारायला तिला कोणीही नव्हते. ही गोष्ट व्हारांच्या मनात राहिली. पुढे १९५३ साली त्यांनी आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि ज्यांना जीव द्यावासा वाटतो त्यांनी आपल्याशी बोलावे असे जाहीर केले. लोक फोन करू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले. व्हारा आतल्या खोलीत एकेकाशी बोलत. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्याजवळ बसायला काही साधी माणसे मदतीला येत. काही महिन्यांतच व्हारांच्या ध्यानात आले, की बाहेर चहा पिता पिता बोलून पुष्कळ लोक हलके होतात, आणि आत यायची त्यांना गरजच राहत नाही. चहा देणारी माणसे काही शिकलेली नव्हती. ती ऐकत होती. १९५४च्या फेब्रुवारीत व्हारांनी ऐकण्याचे हे काम त्या स्वयंसेवकांकडे सोपवून टाकले. समॅरिटन्स नावाची संस्था अशी उभी राहिली, आणि ती आजही चालू आहे. एका प्रवचनकाराला हे दिसले आणि त्याने ते मान्य केले, ह्याचे आम्हांला फार कौतुक वाटते. आमच्या कीर्तनकार मंडळींनी राग मानू नये.

तेव्हा बसावे, आणि विचारावे. विचारण्यालाच लोक सर्वांत जास्त भितात. "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असे उघड विचारले, तर नसलेला विचार आपणच डोक्यात घालू, ही समजूत शिकलेल्या माणसांतही आहे. ती खरी नाही. जाणकारांनी ह्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे. विचारल्याने असा विचार निर्माण होत नाही, उलट विचारलेल्याला हायसे वाटते असेच दिसून आले आहे. इतके दिवस जे एकट्याने वाहिले, त्याचे नाव दुसऱ्या कोणीतरी घेतले, म्हणून. सरळ, हलक्या आवाजात विचारावे. किती दिवसांपासून असे वाटते? काही ठरवले आहे का? आज रात्री घरी कोण आहे? उत्तर ऐकून "अरे बापरे" म्हणू नये. मध्येच आपली कथा सांगू नये. रडला तर रडू द्यावे, आणि तो थांबल्यावर लगेच बोलायची घाई करू नये.

आजी आणि तो पस्तिशीतला शेतकरी ह्यांतला फरक विचारल्यावरच कळतो. काही खुणा मात्र न विचारताही दिसतात. नेहमीचा टाळ दुसऱ्याच्या हातात देऊन "आता तूच वाजव" म्हणणे; देणीघेणी घाईने मिटवणे; ज्याच्याशी भांडण नव्हते त्याचीही क्षमा मागत फिरणे; झोप आणि जेवण तुटणे; दारू वाढणे; आणि पुष्कळ दिवस उदास असलेला माणूस अचानक शांत, मोकळा दिसू लागणे. ही शेवटची खूण फसवी आहे. "बरं झालं, सावरला" असे आपण म्हणतो, आणि कधी कधी त्याने मनाशी काही ठरवलेले असते म्हणून तो शांत झालेला असतो.

हल्ली असले बोलणे फोनवरूनही येते. रात्री अकरा वाजता भजनी मंडळाच्या गटात कोणी लिहितो, "सर्वांना शेवटचा रामकृष्णहरी." दहा जण हात जोडलेले चित्र पाठवतात. दुसरा कोणी विचारील असे प्रत्येकाला वाटते, आणि कोणीच विचारत नाही. अशा वेळी गटात लिहीत बसू नये. त्याला फोन लावावा, आणि जो घराच्या सर्वांत जवळ असेल त्याने चपला घालून निघावे.

एखादा अभ्यासू तरुण वादही घालतो. माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, मग माझेच काय चुकते? ह्याला उत्तर आहे. ज्ञानेश्वरी पुरी करून, सर्व भूतांसाठी मागणे मागून, पुढे सहा वर्षांनी, १२९६ साली, नामदेवांदी संतांच्या मेळ्यात झालेला तो निरोप होता. अंधाऱ्या खोलीतल्या एकट्या दुःखाशी त्याचे काही नाते नाही. पण हे उत्तर देऊन वाद जिंकण्यात आम्हांला गोडी वाटत नाही. ज्याला रात्र रात्र झोप नाही, तो मुलगा समाधीचा दाखला काढतो तेव्हा त्याला शास्त्रार्थ हवा असतो असे आम्हांला वाटत नाही. "हे तुझ्या मनात कधीपासून आहे, बाळा?" हे त्याच्या प्रश्नाला अधिक जवळचे उत्तर आहे.

आता सर्वांत अवघड गाठ. तो म्हणतो, "तुम्हांला म्हणून सांगितलं. कोणाला बोलू नका, तुळशीच्या माळेची शपथ आहे." माळ गळ्यात असलेल्याला ही शपथ लहान नाही. दिलेला शब्द मोडणे वारकऱ्याला शोभत नाही, असेच आपण शिकलो. तरी आमचे मत स्पष्ट आहे : ही शपथ घेऊ नये, आणि घेतली गेली असेल तर पाळू नये. ती मागणारा माणूस त्या क्षणी अर्ध्या मनाने बोलतो आहे. अर्धे मन लपवा म्हणते. दुसऱ्या अर्ध्याला कोणीतरी धरावे असे वाटते, नाही तर त्याने तुमच्याजवळ तोंड उघडलेच नसते. आपण कोणत्या अर्ध्याला शब्द द्यायचा? मात्र मागून चुगली करू नये. त्याच्या तोंडावर सांगावे, "तुझं हे गावभर करणार नाही. पण एकट्याने पेलायचं हे नाही. तुझ्या भावाला बोलवू की मामाला? तूच सांग." माणूस त्याने निवडावा. घरातल्या छळानेच ती बाई ह्या टोकाला आली असेल, तर त्याच घरात जाऊन सांगणे म्हणजे तिला परत विस्तवात ढकलणे. तेथे माहेरचे किंवा बाहेरचे विश्वासाचे माणूस पाहावे.

आणि त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये. अमेरिकेत रिचर्ड सायडन ह्या संशोधकाने १९७८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जीव द्यायला निघालेल्या आणि ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांचे पुढे काय झाले, हे त्याने पाहिले. शेकडा ९४ माणसे एक तर जिवंत होती, नाही तर पुढे केव्हातरी नैसर्गिक मरणाने गेली होती. अडवून काय उपयोग, तो पुन्हा करणारच, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. ती लाट येते आणि ओसरते. ओसरेपर्यंत हाताशी घातक वस्तू नसावी आणि जवळ माणूस असावा. शेतीच्या घरात फवारणीची औषधे असतात. ती त्या दिवशी शेजाऱ्याकडे नेऊन कुलपात ठेवावी, आणि त्यात कोणाला अपमान वाटू नये. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. तेथल्या लोकांचे दुःख काही ७० टक्क्यांनी कमी झाले नसणार. हाताशी विष नव्हते, एवढाच फरक पुष्कळांना पुरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मनाचा आजार नामाने बरा होत नाही का, असे आम्हांला विचारतील. पाय मोडला तर आपण नाम घेत घेत हाड बसवायला जातोच. येथेही तसेच जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. धोका ऐन समोर असेल तर १०८ किंवा ११२. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे दवाखान्यात जायला उशीर करतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरले आहे, आणि त्याची काळजी घेणे सरकारवर टाकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम राहिलेलेच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा ठेवला आहे. तेव्हा त्या धास्तीने एक तासही घालवू नये.

दहाव्याच्या प्रवचनाविषयी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. गावात असे मरण झाले, की प्रवचनकारापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक, पापाचे वर्णन. दुसरी, "सुटला बिचारा" हे सांत्वन. पहिल्या वाटेने समोर बसलेली विधवा आणि आईबाप जळतात. दुसरी अधिक वाईट, कारण मंडपाच्या कडेला त्याच गावचा आणखी कोणी असाच मनाने थकलेला बसलेला असतो, आणि सुटण्याचा हा मार्ग आहे असे तो ऐकतो. कसे झाले, कोठे झाले ह्याचेही वर्णन तेथे नको. गेलेल्याच्या चांगुलपणाविषयी बोलावे, आणि मनात असे काही येत असेल त्याने आज आपल्याजवळ येऊन बसावे, असे उघड आमंत्रण द्यावे. आणि मग खरोखर तासभर तेथे थांबावे. पाकीट घेऊन गाडीत बसू नये.

इतके करूनही एखादा हातचा जातो. त्याचा दोष ऐकणाऱ्याने आपल्या माथ्यावर घेऊन फिरू नये. त्यालाही मग कोणीतरी ऐकावे लागते. सारे प्रारब्धाने होते, मग आपण बसून काय साधले, असे म्हणणारेही भेटतील. त्याचे प्रारब्ध आपल्याला वाचता येत नाही. पण त्याच्या प्रारब्धात त्या रात्री दारावर आलेला एक शेजारीही लिहिलेला असेल, हे का नसावे?

वारीत ह्या कामाला जशी जागा आहे तशी आम्हांला दुसरीकडे दिसत नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत माणसे दिवसच्या दिवस शेजारी शेजारी चालतात. समोरासमोर बसून जे बोलवत नाही, ते चालता चालता बोलले जाते, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. वीणेकरी ठरलेला असतो, चोपदार ठरलेला असतो, पाण्याची आणि मुक्कामाची माणसे ठरलेली असतात. ऐकणारे दोघे, एक बाई आणि एक गडी, ठरवून द्यायला दिंडीला फार खर्च येणार नाही. १४४१६ हा क्रमांक दिंडीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला तर काहीच नाही. कोणा दिंडीप्रमुखांनी अशी योजना आधीच केली असेल, तर ती कशी चालते, काय अडचणी आल्या, हे पत्राने अवश्य कळवावे. ज्यांच्याविषयी लिहाल त्यांचे नाव, गाव मात्र पत्रात घालू नये.